चिमूटभर परागासाठी

मोहिमेचा हेतू अगदी चिमटीत मावेल एवढा होता. चिमूटभर पिवळा पराग! आणि तो आणायला चार माणसं, अकरा पिशव्या, एक होडी आणि बेचाळीस नियम निघाले होते. त्यात वाहायला सगळ्यात जड होते ते नियम.

हकिगत अशी. त्या थंड डोंगरी गावात सरकारी बागेचं एक उंच काचघर होतं. बाहेर वर्षातले सहा महिने बर्फ पडायचा, आत मात्र वाफेचे पाइप खेळवून उष्ण-दमट जंगल जगवलेलं होतं. त्या जंगलाच्या मधोमध एक झाड उभं होतं आणि ते मादी होतं. बारा वर्षांतून एकदा ते फुलायचं. नर झाडाचा पराग जवळपास कुठेच नसल्यामुळे फुलं दोन-तीन आठवडे वाट बघायची आणि गळून जायची. रानातली मादी झाडं केव्हाच संपली होती. नर झाडं उरली होती ती दूर खाली, नदीकाठच्या दलदलीच्या रानात, तीही मोजकीच. या वर्षी काचघरातल्या झाडानं कळ्या धरल्या होत्या. पराग वेळेत आला, तर बी धरणार आणि झाडाचा वंश चालणार. नाही आला, तर पुन्हा बारा वर्षं हात चोळत बसायचं.

काचघराची प्रमुख चौतीस वर्षांची होती आणि या झाडावर तिचा भारी जीव. मागच्या बहराच्या वेळी ती शिकाऊ म्हणून नुकती रुजू झाली होती. फुलांचा सडा तिनंच झाडून काढला होता आणि झाडताना ती रडली होती. या खेपेला तिनं मोहिमेची परवानगी मिळवली, पण खात्यानं एक अट घातली: प्रथमोपचाराचं शिक्षण झालेलं माणूस बरोबर हवं. तिनं घरी येऊन मावशीला विचारलं, आणि मोहिमेची सगळी सूत्रं त्याच क्षणी मावशीच्या हातात गेली.

मावशी म्हणजे आरोग्य केंद्रातल्या खोली क्रमांक चारची सिस्टर. आई गेल्यावर भाचीला तिनंच वाढवलं होतं. वय एकसष्ट, नुकतीच निवृत्त झालेली. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या प्रत्येक माणसाला गेली एकतीस वर्षं तिनंच टोचलं होतं. खलाशी, फिरते विक्रेते, नवी जोडपी, सगळ्यांना ती खुर्चीत बसवायची, बाही वर करायला लावायची आणि कापूस दाबून धरलेल्या त्या असहाय माणसाला प्रवासात कसं वागायचं हे ऐकवायची. ‘उष्ण-दमट प्रदेशात जाताना’ या नावाचं बेचाळीस नियमांचं पत्रकही तिनंच लिहिलं होतं. साप, विंचू, डास, जळवा, ऊन, पाणी, यातलं काहीही तिला विचारावं आणि तिनं क्षणात सांगावं! स्वतः मात्र तिनं उष्ण प्रदेश भिंतीवरच्या नकाशापलीकडे कधी पाहिला नव्हता.

निघायला आठ आठवडे होते तेव्हाच मावशीनं कंबर कसली. तिसरा गडी होता काचघराचा मिस्त्री. बावीस वर्षं वाफेच्या पाइपांशी झुंजलेला, झाडावर सरसर चढणारा, दाराएवढा रुंद माणूस. उकाड्याचं आपल्याला काय कौतुक, अशा थाटात तो लस घ्यायला आला आणि सुई पाहताच उभ्याचा आडवा झाला. मावशीनं त्याला जमिनीवरच टोचलं. नाहीतरी आडवा झालाच आहेस, तर दुसरीही घेऊन टाक, असं म्हणून तिनं दुसरा दंड पकडला. मग सगळ्यांची वरात दातांच्या डॉक्टरकडे गेली, कारण रानात दाढ दुखली तर तिथं कुणाचा बाप बसलेला नसतो. मिस्त्रीची एक दाढ त्यात गेली. ती दुखत नव्हती, पण मावशीच्या मते ती दुखायच्या विचारात होती.

त्यानंतर सुरू झाली उन्हाळ्याची तालीम. थंड गावातलं शरीर एकदम उष्म्यात नेऊ नये, त्याला आधी दोन आठवडे सवय लावावी, हा नियम सातवा. मावशीनं काचघर ताब्यात घेतलं. रोज दुपारी दोन तास भाची आणि मिस्त्री पाठीवर भरलेल्या पिशव्या घेऊन आतल्या कमळाच्या कुंडाभोवती घामाघूम होऊन फेऱ्या मारायचे. बाग बघायला आलेले लोक त्यांच्याकडेच बघत उभे राहायचे. एका लहान मुलीनं तर मिस्त्रीला बिस्किट देऊ केलं. मावशी स्टॉपवॉच घेऊन दारात उभी असायची. दारात, म्हणजे बाहेरच्या गार वाऱ्यात! आत आल्यावर तिचा चष्मा धुरकटला असता, आणि मग घड्याळ कोण बघणार? आपण स्वतः एकही फेरी मारलेली नाही, हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. खोली क्रमांक चारमध्ये नियम नेहमी समोरच्या खुर्चीतल्या माणसासाठी असायचे.

निघताना तिनं केंद्रातून आपली जुनी लशींची शीतपेटी मागून घेतली. ही पेटी म्हणजे मोहिमेचा प्राण होता. परागाला उकाडा सोसत नाही. उष्म्यात तो काही तासांत मरतो, बर्फात मात्र दहा दिवस जगतो. पेटीत बर्फाच्या सहा चपट्या पिशव्या बसायच्या आणि झाकण उगीच उघडलं नाही, तर सहा दिवस आत गारवा टिकायचा.

रेल्वेनं दोन दिवस खाली उतरल्यावर नदीचा धक्का आला. डब्यातून बाहेर पाऊल टाकताच उष्मा असा अंगावर आला, जणू चुलीवरच्या भांड्याचं झाकण कुणी तोंडासमोर उघडावं. मासळी बाजाराच्या बर्फखान्यात पेटीच्या पिशव्या गोठवून घेतल्या आणि तिथंच चौथा गडी भेटला. चाळीस वर्षं त्या रानात फिरलेला, वाळल्या शेंगेसारखा चिवट वाटाड्या. त्यानं आधी अकरा पिशव्यांकडे पाहिलं, मग आपल्या खांद्यावरच्या एका झोळीकडे पाहिलं, आणि आपण रानात किती वर्षं राहणार आहोत असं अदबीनं विचारलं.

मावशीनं उत्तरादाखल त्याला पत्रक दिलं.

होडी निघाली. दोन्ही काठांवर झाडं पाण्यात गुडघाभर उभी होती, त्यांच्या मुळ्यांमधून बगळे चालत होते आणि हिरव्या पाण्यावर उन्हाचे कवडसे हलत होते. भाची पुढच्या टोकाला बसून एकेक झाड ओळखत होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलंय, हे मावशीनं मनात नोंदवलं आणि लगेच शिट्टी फुंकली. दर अर्ध्या तासाला शिट्टी, शिट्टीसरशी प्रत्येकानं पेलाभर पाणी प्यायचं, हा नियम अकरावा. शिट्टी ऐकून काठावरच्या दोन सुसरी पाण्यात शिरल्या. मिस्त्रीचं म्हणणं पडलं की त्यासुद्धा नियम पाळायलाच गेल्या.

रानातल्या पहिल्या मुक्कामी मिस्त्री मच्छरदाणीत असा गुरफटला की त्याला सोडवायला तिघं लागले. वाटाड्या मात्र मच्छरदाणी, मलम, गोळ्या या सगळ्याकडे गालातल्या गालात हसत बघत होता. आधी उन्हाचं मलम, त्यावर डासांचं, हा क्रम चुकवायचा नाही असं मावशीनं बजावल्यावर त्यानं दोन्ही एकत्र कालवून कुऱ्हाडीच्या दांड्याला लावलं आणि दांडा छान गुळगुळीत झाल्याचं सांगितलं. ओढ्याचं पाणी तो ओंजळीनं प्यायला निघाला, तेव्हा मावशीनं त्याचा हात धरला. चाळीस वर्षं हेच पाणी पितो, तो म्हणाला. त्या चाळीस वर्षांत पोट किती वेळा बिघडलं, तिनं विचारलं. वाटाड्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली, दोन्ही हातांची बोटं संपल्यावर त्यानं गाळलेल्या पाण्यासाठी मुकाट्यानं पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर मावशीचा भाव आणखीच वधारला. बूट घालण्याआधी उलटे करून आपटावेत, हा नियम तेविसावा. मिस्त्रीनं कंटाळत आपला बूट आपटला. आतून वीतभर लांब, तांबूस गोम खाली पडली! ती वळवळली, फणा काढल्यासारखी उठली आणि थेट मिस्त्रीच्या अनवाणी पायाकडे धावली. मिस्त्रीनं किंकाळी फोडली. तो उडाला! जवळच्या झाडावर तो कसा चढला हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. वाटाड्यानं गोमेला काठीनं दूर फेकलं, आणि त्या क्षणापासून तो मावशीला बाई न म्हणता सिस्टर म्हणू लागला. पुढच्या मुक्कामी त्यानं आपल्या चपलासुद्धा आपटल्या.

असं सगळं मावशीच्या मनासारखं चाललं होतं. एक गोष्ट सोडून.

रानात संडास नव्हता. आता हे मावशीला ठाऊक नव्हतं असं नाही. नियम सत्ताविसावा याच विषयावर होता: पाण्यापासून पन्नास पावलं लांब, खड्डा करून, नंतर माती ओढून. पहिल्याच दिवशी तिनं हातात खुरपं घेऊन दोन्ही पुरुषांना तो समजावला होता, अगदी वळणावळणानं न बोलता, नर्सच्या रोखठोक भाषेत. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा ती खुरपं हातात घेऊन जागीच घुटमळली. सगळीकडे विरळ वेत आणि गुडघाभर पाणी. कुठं आडोसा नाही, आणि चार पावलांवर मिस्त्री अन् वाटाड्या. एकतीस वर्षं खोली क्रमांक चारबाहेरच्या बोळाच्या टोकाला कडी लावता येणारं एक दार होतं, यापलीकडे तिनं या प्रश्नाचा कधी विचारच केला नव्हता. भाचीला सांगावं, तर सगळ्या जगाला नियम शिकवणारी मावशी एवढ्याशा गोष्टीला लाजते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा तिनं तिच्या परीनं तोडगा काढला. पहाटे सगळे उठण्याआधी एकदा उरकून घ्यायचं आणि दिवसभर पाणी प्यायचंच नाही. शिट्टी वाजवायची, बाटली तोंडाला लावायची, ओठ मिटून घ्यायचे आणि गळ्याची हालचाल करायची. दिवसाकाठी दोन घोट तेवढे घ्यायचे. उरलेलं पाणी कुणाचं लक्ष नसताना ओतून द्यायचं. तिच्याकडे लक्ष ठेवायचं कुणाला सुचणार? लक्ष ठेवणं हे तर तिचंच काम होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी झाड सापडलं. होडी मागे काठाला बांधून, चिखलातून छातीभर पाणी तुडवत, जळवा झाडत, एकमेकांचे हात धरून ते एका उंचवट्यावर चढले आणि समोर ते उभं होतं, काचघरातल्या झाडाच्या दुप्पट उंच. वाटाड्याचा चेहरा मात्र पडला. या वर्षी बहर लवकर सरला होता. झाडाखाली वाळक्या तुऱ्यांचा थर पडला होता आणि वर अगदी शेंड्याच्या एकाच फांदीवर तीन पिवळे तुरे लोंबत होते. बाकीची चार झाडं त्यानं वाटेत पाहिली होती, ती केव्हाच झडून गेली होती.

मिस्त्रीनं कमरेला दोर बांधला आणि तो चढू लागला. साल निसरडी होती. अर्ध्यावर त्याचा पाय सुटला! भाचीनं डोळे मिटले. तो लोंबकळला, झुलला, मांड्यांनी खोड आवळून पुन्हा वर सरकला. मुंग्यांनी त्याच्या मानेला धरलं. तो त्यांना शिव्या घालत राहिला, पण तुऱ्यांखाली कागद धरलेला हात त्यानं हलू दिला नाही. खाली आला तेव्हा त्याची मान टरारून सुजली होती आणि कागदाच्या घडीत चिमूटभर पिवळी धूळ होती.

भाचीनं ती बोटाएवढ्या काचनळीत भरली. पेटीचं झाकण उघडलं, नळी आत गेली, झाकण बंद. श्वास रोखून चौघंही पेटीकडे बघत होते. मग भाचीनं मिस्त्रीला नमस्कार केला आणि मावशीच्या गळ्यात पडली. भाचीचे हात गार आणि आपले तापलेले आहेत, हे मावशीच्या लक्षात आलं. तिनं ताबडतोब भाचीची नाडी तपासली.

परतीच्या वाटेवर चौथ्या दिवशी सकाळपासून मावशीचं डोकं ठणकत होतं. चष्म्याचा नंबर बदलला असावा, असं तिनं ठरवून टाकलं. अंगात डासांसाठी पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, जळवांसाठी गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर जाळीची टोपी, हातमोजे. बेचाळीस नियमांपैकी कपड्यांचे नऊ होते आणि ते सगळेच्या सगळे तिनं एकदम अंगावर चढवले होते. ऊन माथ्यावर आलं. वेताच्या जाळीत वाऱ्याचा पत्ता नव्हता. घाम येत नव्हता, उलट अंगावर काटा येत होता. असा सुखद गारवा कुठून बरं आला, असा विचार करत ती चालत होती.

तेवढ्यात तिला ऐकू आलं की कुणीतरी असंबद्ध बडबडतंय.

मावशी एकदम सावध झाली. नियम एकतिसावा! डोकेदुखी, मळमळ, अंगावर काटा, असंबद्ध बोलणं, उष्माघात! रुग्ण कोण? तिनं वळून पाहिलं. मिस्त्री ठीक दिसत होता. वाटाड्या ठीक होता. भाची तिच्याकडे डोळे विस्फारून बघत होती, पण तिचे ओठ मिटलेले होते. बडबड तर चालूच होती. कुणाला तरी बाही वर करायला सांगणं चाललं होतं, कुणाला तरी रांगेत उभं राहायला. आवाज अगदी ओळखीचा होता.

“पुढचा पेशंट पाठवा,” मावशी वेताच्या जाळीला म्हणाली आणि खाली कोसळली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच कळलं. मिस्त्रीनं तिला उचललं. सावली! कुणीतरी हातमोजे ओढले, टोपी गेली, सदऱ्याची बटणं तुटली. चेहऱ्यावर ओढ्याचं पाणी सपासप आपटलं. वाटाड्या मोठ्या पानानं वारा घालत होता. पाणी कोमट होतं, ओढाच कोमट होता. मिस्त्रीचा आवाज आला की अंग अजून तव्यासारखं आहे. भाचीनं तिचं मनगट धरलं होतं. मग एक ओळखीचा खटका ऐकू आला. एकतीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला खटका, शीतपेटीच्या झाकणाचा.

तेवढ्यापुरती मावशी पूर्ण शुद्धीवर आली.

“उघडू नकोस,” ती म्हणाली. “पराग जाईल. बंद कर ती पेटी.”

मानेखाली गार चटका बसला. दोन्ही काखांत दोन. दोन मांड्यांमध्ये. सहाव्या पिशवीनं भाची तिचं कपाळ पुसत होती, सावकाश, लहानपणी तापात मावशी तिचं पुसायची तसंच. मावशीला ओरडायचं होतं, पण तो गारवा इतका गोड होता की तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. पाणी प्यायलं नसतानाही ते कुठून आलं, कोण जाणे.

तासाभरात नाडी उतरली. घाम फुटला. जलसंजीवनीचं पाकीट कालवून भाचीनं तिला घोट घोट करत आख्खी बाटली पाजली, मग दुसरी. सहाही पिशव्यांचं पाणी झालं होतं. उघड्या पेटीत काचनळी आडवी पडली होती. आणि नेमक्या त्याच वेळी मावशीला लागली. तीही अशी तशी नाही!

ती उठून बसली, पुन्हा आडवी झाली, पुन्हा बसली. भाचीनं घाबरून काय होतंय विचारलं. मावशीनं आधी मिस्त्रीकडे पाहिलं, मग वाटाड्याकडे, मग जमिनीकडे. चार दिवस छातीशी धरून ठेवलेलं गुपित शेवटी तिनं ओकून टाकलं.

“मी पाणीच पीत नव्हते,” ती म्हणाली. “शिट्टी वाजवायची आणि पाणी ओतून द्यायचं. आडोसा नव्हता म्हणून. तुमच्यासमोर लाज वाटायची.”

वाटाड्या शांतपणे उठला. कुऱ्हाड घेऊन पलीकडे गेला, चार वेत तोडले, जमिनीत रोवले, रुंद पानांच्या झावळ्या गुंफून तिन्ही बाजूंनी भिंत केली, चौथ्या बाजूला पडद्यासारखं पान सोडलं. बायको आणि तीन मुलींना घेऊन तो याच रानात मध काढायला यायचा, तेव्हा मुक्कामावर पहिलं काम हेच असायचं, असं त्यानं सांगितलं. या खेपेला कुणी बोललं नाही, आणि पत्रकातही काही लिहिलेलं नव्हतं, तेव्हा शहरातल्या बायकांना लागत नसेल अशी त्यानं समजूत करून घेतली होती.

सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांसाठी बारा वर्षं गेली! मावशीला भडभडून आलं, पण रडायला वेळ नव्हता. मिस्त्री आणि वाटाड्या पाठ फिरवून मोठमोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. मावशी बाहेर येते न येते तोच भाची आत शिरली आणि तीही बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या दिवशी ते पुढे गेलेच नाहीत. ऊन कलल्यावर भाचीनं नळीतला पराग भिंगाखाली पाहिला. काल सुटे, पिवळे असलेले कण एकमेकांना चिकटून तपकिरी गोळा झाला होता. धक्क्यावर जाऊन बर्फ आणावा आणि पुन्हा झाडापाशी जावं, तर पाच दिवस लागणार होते आणि उरलेले तुरे आज-उद्या झडणार, हे वाटाड्यानं विचारायच्या आधीच सांगितलं. भाचीनं मान हलवली. नळीचं बूच काढून तिनं तो गोळा ओढ्याकाठच्या ओल्या मातीत टाकला आणि वर बोटानं माती ओढली. मग ती मावशीच्या अंथरुणाशी येऊन बसली.

मावशीनं बोलायचं ठरवलेलं सगळं पाठ केलं होतं. माझ्यामुळे झालं, माझ्या खोट्या लाजेपायी झालं, तू माझ्यावर रागव. पण भाचीनंच आधी तोंड उघडलं.

“मावशी, मला एक सांगायचंय. पेटी उघडायच्या आधी मी थांबले होते.”

मावशीनं उशाचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

“तुझं मनगट हातात होतं. मिस्त्रींना वाटलं, मी नाडी बघतेय. मी विचार करत होते. झाडाचा.” तिनं दोन बोटं पुन्हा मावशीच्या मनगटावर ठेवली. “सात ठोके गेले. नक्की सात. माझ्या आईसारखी तू, आणि मी सात ठोके थांबले.”

मावशीला लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. तापात जागून काढलेल्या सगळ्या रात्री तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. मग तिच्यातली नर्स जागी झाली.

“नाडी किती होती माझी तेव्हा?” तिनं विचारलं.

“एकशे चाळीस. थांबल्यावर मोजली.”

मावशीनं मनात भागाकार केला. एकशे चाळिसाच्या वेगानं सात ठोके. पुन्हा एकदा केला, कारण औषधाची मात्रा ती नेहमी दोनदा तपासायची.

“तीन सेकंद,” ती म्हणाली. “अगं वेडे, बारा वर्षांचा विचार तू तीन सेकंदांत संपवलास. मला तर सुई भरायलाच दहा लागतात.”

भाची हसायला लागली आणि हसता हसता हमसून रडायला लागली. मावशीनं तिचं डोकं आपल्या कुशीत ओढून घेतलं आणि ती थोपटत राहिली. पलीकडे मिस्त्री सुजलेल्या मानेला मलम चोळत होता आणि वाटाड्या चूल पेटवत होता. दोघंही इकडे बघत नव्हते, पण ऐकत होते.

“पुढचा बहर आला की पुन्हा यावं लागेल,” थोड्या वेळानं भाची नाक पुसत म्हणाली. “तेव्हा तू त्र्याहत्तर वर्षांची असशील. येशील?”

मावशीनं भाचीच्या हातातली बाटली घेतली, बूच काढलं आणि सगळ्यांच्या देखत, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.